सॅम

माझ्या रजिस्टरात सहावा रकाना सॅमचा.
लाल शाईनं लिहायचा, असं पर्यवेक्षिका बाईंनी शिकवलं.
लाल पेन धारणीच्या बाजारातच मिळतं,
म्हणून निळ्यानं लिहिते, खाली दोन रेघा ओढते.
अति तीव्र कुपोषित, एवढं लांब नाव
रकान्यात मावत नाही.
सॅम मावतो.

या महिन्यात दोन. एक मुंगीलालचा नातू,
दुसरी फुलवंती साबूलाल जांबेकर,
चौदा महिने, पाच किलो नऊशे.
दंडाला पट्टी गुंडाळली, अकरा पूर्णांक दोन.
पट्टीवरचा लाल, इतक्या दंडांना घासून
केव्हाच विटकरी झालाय.

दिवाळीनंतर निवडणूक लागली.
सकाळी अंगणवाडी उघडायला गेले तर
भिंतीवरचं गाजर आणि अंडं गायब,
त्यावर हिरव्या ऑइलपेंटात, माझ्या उंचीची अक्षरं:
घरोघरी सॅम!
कुलूप हातात, मी तिथंच उभी.
कोणी सांगितलं यांना?
सर्व्हे तर माझ्याच पिशवीत आहे.

शिवलाल बेठेकर रॉकेलमध्ये ब्रश धूत होता.
"सातपुडा आदिवासी मंच, बाई.
अमरावतीच्या पोरानं इंग्रजीत बसोलं.
दमदार वाटते का नाही?"
"शिवलालभाऊ, हे रोगाचं नाव आहे."
"कोन्त्या पक्षाचं नसते?" तो म्हणाला.

मग जीप फिरली. भोंगा दिवसभर
सॅमला विजयी करा, सॅमला विजयी करा,
आणि आत मी, दर दोन तासांनी,
पाकीट पिळून, चमचा चमचा
सॅमला पाडत होते.

त्याच आठवड्यात मावसकरांचा बन्सी सुट्टीवर आला.
बूट असे चकचकीत की सालईढाण्यातली कोंबडी
त्यात स्वतःला बघून चोच मारत होती.
"कुठं असतोस रे आता?"
"सॅमवर आहे, काकू."
माझा हात आपोआप पट्टीकडे गेला.

तो खूप हसला. मग सांगितलं,
जमिनीवरून आभाळात जाणारं क्षेपणास्त्र.
नळकांड्यात झोपलेलं असते.
रोज पुसायचं, ऊन लिहायचं, ओल लिहायची.
"रजिस्टर आहे?"
"हाय ना. तुमच्याहून जाड."
"वजन किती?"
ते नाही सांगितलं. गुप्त असते म्हणाला.

माझं एकही वजन गुप्त नाही.
रोज वर पाठवावं लागतं,
टेकडीवर चढून, मोहाच्या झाडाखाली,
जिथं मोबाइलला दोन दांड्या येतात.
तिथं तोही सापडला, रेंज शोधत.
बोलता बोलता सारखा आभाळाकडे बघायचा, सवयीनं.
मी स्क्रीनवरचं फिरणारं गोल बघत होते.
"उडवलंस कधी?"
"एकदा. सरावात. दहा मोजेपर्यंत संपते, काकू,
मंग नुसता धूर."
"लागलं?"
"लागलं."
मीही सांगितलं, फुलवंती आठवड्यात ऐंशी ग्रॅम वाढली.
बन्सीनं मोबाइल खाली घेतला.
"ऐंशी?" म्हणाला. "वा."

शिवलाल एकशेबारा मतांनी पडला.
भिंतीवर चुन्याचा एकच हात मारला कोणी,
ओल धरली की हिरवं पुन्हा वर येतं.
गाजर काही परत काढलं नाही.

पौष संपता संपता फुलवंती साडेसहा किलो भरली.
काटा दोनदा शून्यावर आणून बघितला.
रकाना बदलला. तिच्या घरी जाऊन सांगितलं,
"पोरगी सॅममधून निघाली. आता मॅममध्ये."
सुमरतीनं चूल फुंकणं थांबवलं.
"मॅम? म्हंजे शाळेवरच्या मॅडमवानी?"

मध्यम तीव्र कुपोषित,
शब्द जिभेवर आले होते.
फुलवंती माझ्या पिशवीचा बंद चोखत होती.
"हाव," म्हटलं,
आणि उरलेली चार पाकिटं
चुलीपासून लांब, फळीवर ठेवली.